बर्फावरचा पूर्वानुभव

माटिआसचा अर्ज आलाय, चार पानी.
ऑस्ट्रियातला वाटाड्या. दाढी तांबूस,
फोटोत उन्हाला डोळे बारीक केलेले.
रकाना पहिला, नाव : चारुलता गिरकर.
रकाना चौथा : राहत्या घराची समुद्रसपाटीपासून उंची.
मी खिडकीतून बघितलं.
ओहोटी होती, म्हणून लिहिलं, तीन मीटर.
पुनवेच्या उधाणाला हे उत्तर खोटं ठरतं,
खेकडे पायरीवर येऊन बसतात.

रकाना नववा : बर्फावरचा पूर्वानुभव.
बावीस वर्षं, मी लिहिलं.
देवगड, जेटीमागचा बर्फाचा कारखाना, हिशेबनीस.
त्याने उलट विचारलं, उतार किती अंशांचा?
आता काय सांगायचं.
फरशीला उतार आहे,
वितळलेलं पाणी खाडीकडे जाईल इतपत.
खोडलं. लिहिलं, नाही.

जुलैच का, तर जुलैत मासेमारी बंद.
होड्या झापांखाली, यंत्र गप्प,
मालक स्वतःच म्हणतात, बाई, यंदा रजा घ्या.
आमची सुट्टी आणि त्यांचा हंगाम
एकाच महिन्यात पडतो,
हे शमीमने शोधून काढलं.
शमीम होडेकर. सुकटीचा धंदा, गुडघा डावा जरा कुरकुरा.
पैसे तिने मीठ भरायच्या बरणीत साठवलेले,
नोटांना अजून बांगड्याचा वास.
व्हिसाच्या खिडकीपाशी काय होणार कोण जाणे.

सराव म्हणून रोज दीपगृहाचा चढ,
पाठीवर दहा किलो तांदूळ.
मे महिन्यात लोकरी मोजे आणि कातडी बूट :
जेटीवरची माणसं जाळी विणायची थांबली.
'खंय जातंस गो?'
'डोंगरार.'
'बर्फ बघूक? मगे हंयच बस कारखान्यात, फुकट.'

ते मात्र आम्ही खरंच केलं.
रविवारी दुपारी, साठवणीच्या खोलीत, उणे आठ.
दोघी लाद्यांवर गोणपाट घालून बसलो,
उसनी जाकिटं, थर्मास, राजगिऱ्याच्या वड्या.
पंचविसाव्या मिनिटाला शमीमच्या भुवया पांढऱ्या झाल्या.
ती म्हणाली, माझ्या अम्मीसारखी दिसत असेन.
मग बराच वेळ काही म्हणाली नाही.
चाळिसाव्या मिनिटाला बुधाजीने दार ठोठावलं,
जित्या आसात काय गो?

तीन हजार मीटरवर श्वास पुरत नाही, माटिआस लिहितो.
ते माहीत आहे.
ज्या वर्षी अमोनियाची नळी फुटली
त्या वर्षी मी ओला पदर नाकावर धरून
जेटीच्या टोकापर्यंत पळाले होते.
हे रकान्यात बसत नाही.

गाठीचं चित्र त्याने पाठवलं, आठाच्या आकड्यासारखी.
जैतू तांडेलाने चष्मा न लावताच ओळखली.
मी सांगितलं, एका दोरीला तिघं बांधायची,
एक घसरलं तर दोघं बसकण मारून धरतात.
त्याने दोरीचं टोक बोटांत फिरवलं, दोनदा.
'बरां आसा मगे.
दर्यात तसां काय नसता.'
त्याचा धाकटा भाऊ. मला आठवायला हवं होतं.

आता उरला शेवटचा रकाना :
आणीबाणीत कुणाला कळवावं?
भाऊ पुण्याला, अनोळखी नंबर उचलत नाही.
शमीमची मुलगी घाबरट.
शेवटी कारखान्याचा नंबर दिला.
मग लक्षात आलं, जुलैत तिथे असतो फक्त बुधाजी,
आणि त्याच्या भात्यात इंग्रजीचा एकच शब्द, हॅलो.

तेव्हापासून तो रोज संध्याकाळी
बंद फोन कानाला लावून आवाज जड करतो,
हॅलो, हॅलो,
आणि मला बघितलं की खाली ठेवून विचारतो,
जर्मन येवक व्हयी काय माका?